नोटिशीचा महिना

"आपण काही कोणाची नोकरी कराले जन्मलो नाही!" असं बायकोला ऐकवून श्रीधरनं राजीनामा दिला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सक्करदऱ्याचा तलाव होता आणि तलावात त्याची स्वतःची होडी! तिकडे कोराडीचं वीजघर बांधलं जात होतं आणि इकडे धरमपेठेतल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सिमेंटच्या ट्रकांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहून लिहून त्याची बोटं झिजली होती.

मालक चंपतराव म्हणाले, "कायदा हाये गा. एक महिन्याची नोटीस. तोवर बस."

आणि श्रीधर बसला. बसला म्हणजे नुसता बसला! जाणाऱ्या माणसाला काम कोण सांगणार? बिल्ट्या शेजारच्या केशवकडे गेल्या. श्रीधरची खुर्ची सरकत सरकत खिडकीशी गेली. बाहेर कडुलिंब डुलायचा, डोळे मिटायचे आणि होडी आपोआप पाण्यात जायची. होडीचं स्वप्न त्यानं साऱ्या ऑफिसाला सांगून टाकलं. केशव स्वतःच्या पैशानं चहा पाजायचा. "चाल्ला ना गा आमाले सोडून!" म्हणत बशी पुढे सरकवायचा. एरवी ओळख न देणारे चंपतरावसुद्धा "जेवला काय?" म्हणून विचारू लागले. असं सुख श्रीधरनं दिवाळसणाला सासरीही भोगलं नव्हतं! ज्या तलावासाठी नोकरी सोडायची, तो तर या खिडकीशीच आहे, हे त्याला उमगलं. महिना संपायच्या आत त्यानं राजीनामा मागे घेतला.

"राह्य गा, घरचाच हायेस," चंपतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची मूळ जागी आणि बिल्ट्यांचा ढीग नाकापर्यंत! चहा? "आपापला घे," केशव म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात कडुलिंब फुलला. श्रीधरचं चित्त काही थाऱ्यावर राहीना. त्यानं पुन्हा राजीनामा लिहिला.

त्याची बायको अरुंधती घाबरली. "काहून जी? घर कसं चालन?"

"अवं, सोडते कोण? महिनाभर बसतो, मंग वापस घेतो. कायदा आपल्या खिशात हाये!"

चंपतरावांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि ते मायेनं हसले. "या खेपेले मीबी वकिलाले विचारलं गा. महिन्याचा पगार हातावर ठेवला, का माणूस आजच मोकळा! जा, होडी वाट पाहून राहिली असन."

भर दुपारी श्रीधर रस्त्यावर! खिडकी आत, तो बाहेर. कडुलिंबाखाली उभं राहून त्याला चक्क रडू आलं.

घर तर चालवायचं होतं. तो सक्करदऱ्याला गेला आणि तिथं भाड्यानं होडी चालवणाऱ्या नानाजींकडे कामाला लागला. होडी गळकी निघाली. स्वप्नातल्या होडीला भोक नव्हतं! दिवसभर डब्यानं पाणी उपसून त्याची कंबर मोडली.

"जमून राहिलं तुले," नानाजी खूश होऊन म्हणाले. "उद्यापासून रोज ये. पण सोडून जायचं असन त महिनाभर आधी सांगजो."

श्रीधरचा डबा हवेतच थांबला. कित्येक दिवसांनी त्याच्या डोळ्यांत कडुलिंब डुलू लागला.

"नानाजी," त्यानं हळूच विचारलं, "त्या महिन्यात पाणी कोण उपसते जी?"