कडेवरचा विद्यार्थी

प्रत्येक मूल वेगळं असतं. ही गोष्ट आयांना बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी कळते. शिक्षण खात्याला कळायला जरा वेळ लागला, पण एकदा पटल्यावर मात्र खात्याने हयगय केली नाही. प्रत्येक मूल वेगळं असल्यामुळे सगळ्या मुलांसाठी एकच ॲप आणण्यात आलं. त्याचं नाव ‘समदृष्टी’. कोणाला वाचायला जड जातं, कोणाला कमी ऐकू येतं, कोणाचं चित्त थाऱ्यावर नसतं, हे सगळं ते टॅबच्या कॅमेऱ्यातून बघून अर्ध्या तासात सांगणार होतं. आजवर हे काम शिक्षक मुलाच्या तोंडाकडे बघून करत. (ही पद्धत अशास्त्रीय होती, तिला चार्जिंग लागत नसे.)

बोईसरहून डोंगराकडे वळलं की करवंदपाडा लागतो. तिथल्या पाचवीपर्यंतच्या शाळेत तीन टॅब आले. पहिला खराब होऊ नये म्हणून मुख्याध्यापक नरहरी गुरुजींनी कपाटात ठेवला. तिसरा खराब झाला तर हाताशी असावा म्हणून दुसराही त्याच कपाटात ठेवला. तिसरा समिधा बाईंच्या वाट्याला आला. बाई किनाऱ्यावरच्या माहीम गावच्या, बागायतदारांच्या घरातल्या. रोज स्कूटरवरून तासभर रस्ता कापत पाड्यावर यायच्या आणि आल्या आल्या आधी पदर झटकायच्या.

शाळेत रेंज फक्त एका जागी यायची, खिचडी शिजते त्या शेडच्या मागे. म्हणून गुरुजींनी शेडच्या मागच्या भिंतीवर खडूने ‘अध्ययन-गरज निश्चिती केंद्र’ असं लिहिलं आणि खाली बाण काढला. केंद्राला पहिल्या दिवसापासून शंभर टक्के उपस्थिती लाभली. वरच्या कार्यालयाने याची नोंद ‘तंत्रज्ञानाविषयी ग्रामीण भागातील ओढ’ अशी केली. त्या दिवशी खिचडीत वाटाणे होते.

समिधा बाईंना सगळ्या मुलांची काळजी होती, पण जीव टांगणीला लागला होता तो बायडीपायी. बायडी पाचवीत. तोंडी विचाराल ते सांगणार. सदतीस पोरं, चार गैरहजर, सहा जणांना दोनदा लागते, तर ताटं किती वेळा भरायची, हे खिचडीवाल्या मावशींना तीच सांगायची. पण पुस्तक उघडलं की पोर बावरायची.

“बाई, अक्षरं एका जागी बसत नाय,” ती म्हणायची. “मी बघते तवा सरकतात.”

प्रश्न कोणी वाचून दाखवला तर ही मुलगी हसत पास होईल, हे बाईंना दोन वर्षांपासून ठाऊक होतं. तशी सवलत मिळावी म्हणून त्यांनी तीन अर्ज केले. पहिला परत आला, कारण त्यात त्रासाचं नाव नव्हतं. दुसऱ्यात नाव होतं, शिक्का नव्हता. तिसऱ्यात दोन्ही होतं, पण ‘विद्यार्थिनीने अर्ज स्वतः वाचून सही केल्याचे दिसून येत नाही’ असा शेरा पडला. आणि आता पाचवीला नापास करायचा नियम परत आला होता. बायडीची आई रखमा सकाळी सातच्या टेंपोने तारापूरच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिचा हिशेब सरळ होता.

“नापास झाली तं घरी ऱ्हाईल,” ती बाईंना म्हणाली. “भिकाला सांभाळील. आता बी तेच करते नं.”

भिका म्हणजे बायडीचा धाकटा भाऊ. वय चौदा महिने, दात दोन, मुक्काम बायडीच्या कडेवर. हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. तरी त्याची हजेरी गुरुजींपेक्षा चांगली होती. पाड्यावर धाकटं भावंड कडेवर घेऊन शाळेत येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मूल घरी ठेवायचं तर कोणाजवळ, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

तर नोंदणीच्या दिवशी बायडी केंद्रावर आली, म्हणजे भिकाही आला. बाईंनी टॅब समोर धरला. पहिली पायरी, नोंदणी करणारा माणूस आहे की यंत्र याची खात्री. पडद्यावर नऊ चित्रं आली. बस असलेली निवडायची होती. बायडी बोट उचलते तोवर भिकाने पंजा मारला. टॅबने विचार केला आणि सांगितलं, “धन्यवाद. आपण माणूस आहात.” दुसरी पायरी, चेहरा वर्तुळात धरा. वर्तुळ दिसताच भिकाने मान लांब करून तोंड थेट आत घातलं.

“स्वागत आहे, बायडी,” टॅब म्हणाला.

बाईंनी तातडीने ॲपच्या बोईसरच्या समन्वयकाला फोन लावला. शैलेश त्याचं नाव. गळ्यात ओळखपत्र घालून जेवणारा मुलगा.

“अहो, ते बाळ आहे,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, सिस्टिमला पाचवी दाखवतंय.”

“त्याला दोन दात आहेत.”

“दातांचा रकाना नाहीये, मॅडम.”

दुरुस्तीची सोय होती, ती नव्हती असं कोणी म्हणू नये. दुरुस्तीचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतः, आपला चेहरा दाखवून उघडायचा आणि ‘हा चेहरा माझा नाही’ या वाक्यापुढे खूण करायची. भिकाने चेहरा दाखवला. खूण करायला मात्र तो तयार झाला नाही, आणि त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे.

मग चाचण्या सुरू झाल्या; थांबवण्याचं बटण विद्यार्थ्याच्याच हाती होतं. अवधानाच्या चाचणीत पडद्यावरच्या फुलपाखराकडे भिका पापणी न हलवता चाळीस सेकंद बघत राहिला. (वर्गाची सरासरी अकरा. गुरुजींनी हौसेने करून पाहिली, सहा.) वाचनाच्या चाचणीत तो “बा बा बा बा” म्हणाला, शेरा आला, ‘ओघ उत्तम, आत्मविश्वास उल्लेखनीय, उच्चारांच्या वैविध्यास वाव’. चारांपैकी एक पर्याय निवडा म्हटल्यावर त्याने चारही एकाच वेळी दाबले आणि ‘बहुअंगी विचारक्षमता’ मिळवली. शेवटच्या चाचणीत त्याने टॅब चाटला. चवीने शिकणाऱ्यांसाठी ॲपमध्ये अजून गट केलेला नसल्यामुळे ते स्पर्शात जमा झालं.

अहवाल चौतीस पानी आला, रंगीत. समिधा बाई तो शेडमागे दगडावर बसून वाचत होत्या. आधी हसू आलं, मग रडू आलं. बाविसाव्या पानावर मात्र त्या थांबल्या. ‘बायडी ही विद्यार्थिनी छापील मजकुराशी जुळवून घेत नाही. सबब, परीक्षेत प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावा. दुप्पट वेळ द्यावा. विद्यार्थिनी स्वतः लिहू शकत नसल्याने उत्तरे देण्यासाठी मदतनीस द्यावा. मदतनीस घरातील, तिच्या बोलीत बोलणारा, व शक्यतो ज्याच्या सहवासात ती शांत राहते असा असावा.’ खाली मंजुरीचा गोल शिक्का होता.

दोन वर्षं त्या एका शिक्क्यासाठी त्यांनी उंबरठे झिजवले होते. बाईंनी ते पान तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं.

“बायडी,” त्या म्हणाल्या, “भिका कोणाजवळ शांत राहतो गं?”

“माझ्याजवळ. दुसरा कोन हाय?”

“मग परीक्षेला तू त्याची मदतनीस.”

“पन परीक्षा तं माझी हाय.”

“तुझीच आहे,” बाई म्हणाल्या. “फक्त चेहरा त्याचा.”

बायडीला यात वावगं काही वाटलं नाही. भिकाचं तोंड धुणं, नाक पुसणं, भरवणं हे सगळं तीच करत होती. त्याच्या चेहऱ्यावर थोडाफार हक्क तिचा होताच.

परीक्षेच्या दिवशी टॅब वाचायचा आणि बायडी बोलायची.

“एका टेंपोत अठरा माणसं बसतात, तर सात टेंपोत किती?”

“एकशे सव्वीस,” बायडी म्हणाली. “पन बाई, अठरा नाय बसवत. तीस कोंबतात.” पहिल्या वाक्याला पूर्ण गुण मिळाले. दुसरं अभ्यासक्रमाबाहेरचं होतं.

एकच अट होती, दर दहा मिनिटांनी विद्यार्थ्याने डोळे उघडे ठेवून वर्तुळात दिसायचं. चार वेळा भिका दिसला. पाचव्या वेळी तो बायडीच्या खांद्यावर गाढ झोपला होता आणि पाच प्रश्न उरले होते. “विद्यार्थी आढळला नाही,” टॅब म्हणाला. “साठ सेकंदांत परीक्षा रद्द होईल.”

बायडीने भिकाला हलवलं. बाईंनी गालावर पाणी शिंपडलं. भिकाने ते झोपेतच चाटलं. तीस सेकंद उरले. तेवढ्यात नरहरी गुरुजी खुर्चीवरून उठले. एकतीस वर्षांच्या नोकरीत हा गृहस्थ वर्गात कधी हसला नव्हता. ते भिकासमोर उकिडवे बसले आणि कोंबड्यासारखे आरवले. मग बकरीसारखे ओरडले. मग त्यांनी कान हलवून दाखवले. (कान हलवता येतात हे सेवापुस्तकात कुठेही नमूद नाही.) भिका ढिम्म. दहा सेकंद उरले असताना खिचडीवाल्या मावशींनी आतून टोपावर पळी वाजवली. भिकाचे दोन्ही डोळे टक्क उघडले.

“स्वागत आहे, बायडी,” टॅब म्हणाला. समिधा बाईंना मात्र डोळे पुसावे लागले.

गुण एक्क्याण्णव टक्के पडले. विभागातल्या ‘भिन्न गरजांच्या विद्यार्थ्यां’त बायडी पहिली आली आणि सत्काराला वरच्या कार्यालयातले साहेब स्वतः शाल-श्रीफळ घेऊन पाड्यावर आले. बायडीचं नाव पुकारलं गेलं. बायडी भिकाला घेऊन पुढे झाली. साहेबांनी टॅबकडे पाहिलं, भिकाकडे पाहिलं, परत टॅबकडे पाहिलं.

“वयाच्या मानाने अंगाने लहान वाटते,” ते म्हणाले.

“सर, अठ्ठ्याण्णव टक्के जुळतंय,” शैलेशने सांगितलं.

मग साहेबांचा संशय फिटला. त्यांनी भिकाला शाल घातली, त्याच्या हातात श्रीफळ दिलं, ते त्याने चावून पाहिलं. फोटोच्या वेळी साहेब म्हणाले, “मदतनीस, जरा बाजूला.” बायडी बाजूला झाली. भिकाने भोकाड पसरलं, तसं तिला परत आत घ्यावं लागलं.

“बाई, मी पास हाय नं?” तिने हळूच विचारलं.

“आहेस गं.”

“मंग झालं.”

जूनमध्ये रखमा बाईंकडे आली. पोरीला घरी ठेवायचं तिच्या मनात अजून होतंच, भिकासाठी. बाईंनी तिला बोईसरच्या शाळेचं पत्र वाचून दाखवलं. सहावीचा प्रवेश बायडीचा, फाटकावर चेहरा दाखवून आत जायचं, चेहरा भिकाचा, त्याला रोज नेण्या-आणण्याची जबाबदारी मदतनीसाची. रखमाने दोनदा विचारून घेतलं.

“म्हंजे भिकाला सांभाळायचा, तं बायडीने शाळेतच जावा लागंल?”

“नियमच आहे,” समिधा बाई म्हणाल्या. नियमाबद्दल इतक्या प्रेमाने त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या.

आता ही भावंडं रोज बोईसरच्या फाटकावर उभी असतात. वर्तुळात भिकाचं तोंड दिसतं, फाटक उघडतं आणि बायडी आत जाते. तिच्याकडे बघायला ना फाटकाला सवड असते, ना शिपायाला.

तुम्ही हसलात, हरकत नाही. पण मागच्या आठवड्यात लाईटबिल भरताना पडद्यावर नऊ चित्रं आली होती. सिग्नल निवडायचे होते. सिग्नलचा नुसता खांब सिग्नलात धरायचा की नाही, यावर तुम्ही बराच वेळ विचार केलात, तीनदा चुकलात, आणि चौथ्यांदा दाबताना आपण खरंच माणूस आहोत का अशी शंका तुम्हाला चाटून गेली. भिका पहिल्या पंजात पास झाला होता. आणि त्याला कडेवर घेऊन उभं राहायला कोणीतरी होतं.