व्हेअरॅजकाकांचं सोपं इंग्रजी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहिण्याचं काम व्हेअरॅजकाकांकडे होतं. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण त्यांचं प्रत्येक इंग्रजी पत्र 'व्हेअरॅज', म्हणजे 'ज्याअर्थी', या शब्दाने सुरू व्हायचं, आणि एकदा सुरू झालं की पान भरेपर्यंत पूर्णविरामाचं नाव घ्यायचं नाही. त्यामुळे मेकॅनिकपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना याच नावाने हाक मारायचे. काकांना त्याचा राग तर नव्हताच, उलट अभिमान होता.

एखाद्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकायची. आतली माणसं सुटली की तावातावाने कंपनीला चार ओळी खरडायची. काका त्यावर दोन पानी उत्तर धाडायचे. पहिला परिच्छेद वाचताना ग्राहकाचा राग शाबूत असायचा, मधल्या परिच्छेदात त्याला घाम फुटायचा, आणि शेवटाला आल्यावर आपलंच काहीतरी चुकलं असावं असं वाटून तो पत्राची घडी घालून ठेवायचा. पुन्हा तक्रार केली तर पुन्हा उत्तर येईल या धास्तीने बरेच जण जिन्यानेच जा-ये करू लागले होते. मालक याला ग्राहकसेवा म्हणायचे.

काका त्यातली खास पत्रं घरी नेऊन बायकोला वाचून दाखवत. काकू कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकायच्या. त्यांना त्यातलं अक्षरही कळायचं नाही, पण नवऱ्याचा एवढा लांब श्वास बघून त्यांना भरून यायचं.

"केवढं अवघड लिहिता हो!" त्या म्हणायच्या.

"सरावाने जमतं," काका विनयाने म्हणायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मालकांची मुलगी शिक्षण संपवून ऑफिसात बसायला लागली. ऑफिसातले तिला धाकट्या मॅडम म्हणत. पहिल्याच आठवड्यात तिने काकांचं एक पत्र वाचायला घेतलं. सकाळी घेतलं, ते जेवायच्या सुट्टीनंतर संपलं. मग ती पत्र घेऊन काकांच्या टेबलाशी आली.

"काका, हे वाक्य सुरू झालं तेव्हा लिफ्ट गेल्या महिन्यात बंद पडली होती. संपलं तेव्हा ती पुढच्या महिन्यात पडणार आहे. नक्की काय?"

"मॅडम, दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्यात."

"आणि सुरुवातीला 'आम्ही' आहे, मधे 'ते' झालंय, शेवटी 'तुम्ही'. म्हणजे दोष आपला होता, तो चालत चालत ग्राहकाकडे गेला!"

"तीच तर कला आहे, मॅडम."

धाकट्या मॅडमना कलेची आवड नव्हती. त्यांनी दर गुरुवारी जेवणाच्या खोलीत सोप्या इंग्रजीचा वर्ग सुरू केला. नियम सोपे होते. वाक्य छोटं हवं. कोणी काय केलं ते आधी सांगायचं. ज्या माणसापासून वाक्य सुरू केलं, त्याला मधेच सोडून दुसऱ्याला धरायचं नाही. काळही एकच ठेवायचा. हे महिनाभरात जमलं नाही तर काकांनी गोदामात जाऊन सुटे भाग मोजायचे, असंही त्यांनी गोड आवाजात सांगितलं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. गोदामात ग्रीसचा वास होता, अंधार होता आणि बसायला उलटी केलेली लाकडी पेटी होती. इथे त्यांची खिडकीजवळची खुर्ची होती. तिच्यावर काकूंनी स्वतः शिवलेली गादी होती, आणि इतक्या वर्षांत त्या गादीला काकांचा आकार आला होता. त्या खुर्चीसाठी काका कुठलाही त्याग करायला तयार होते. अगदी 'व्हेअरॅज'चासुद्धा.

घरी सराव सुरू झाला. काकूंना इंग्रजी शाळेतल्यापुरतं यायचं, म्हणून काकांनी त्यांनाच परीक्षक नेमलं. काकूंना कळलं तर पास, नाही तर नापास. पहिले काही दिवस काकू नुसत्या मान हलवायच्या आणि काका पुन्हा लिहायला बसायचे. वाक्य तोडताना त्यांना दाढ उपटल्यासारख्या वेदना व्हायच्या. पण एक दिवस काकांनी चार छोटी वाक्यं वाचली आणि काकूंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"थांबा. म्हणजे तुमच्या माणसाने जुनाच पार्ट रंग लावून बसवला?"

"हो."

"आणि तोही उलटा?"

"कळलं तुला!" काका आनंदाने उभेच राहिले.

"कळलं. आजवर मला वाटायचं तुम्ही मोठ्या कंपनीत आहात."

काकूंचा चेहरा जरा उतरला होता, पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच पत्र मॅडमना दाखवलं. वाक्यात कोणी काय केलं हे इतकं लख्ख दिसत होतं की मॅडमनी नुसत्या वाक्यरचनेवर खूश होऊन खाली 'उत्कृष्ट' असं लिहिलं. आत काय लिहिलंय याकडे गुरूचंही लक्ष गेलं नाही आणि शिष्याचंही. पत्र रवाना झालं. पाठोपाठ तशीच आणखी बरीच गेली.

सगळ्यात आधी एक दातांचे डॉक्टर स्वतः येऊन हजर झाले. काका धास्तावून उठले. डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही लिहिलंय की दरवाजा अडकतो कारण तुमच्या माणसाने भलत्याच जागी तेल घातलं. हे खरं आहे?"

"वाक्य बरोबर आहे ना?" काकांनी काळजीने विचारलं.

"अहो, वाक्याचं काय घेऊन बसलात! तुमचं मागचं पत्र वाचून मला वाटलं होतं, माझं बटण दाबायचं बोट चुकीचं आहे. तेव्हापासून मी डाव्या हाताने दाबतोय!"

डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणारे. त्यांचं स्वतःचं तोंडही काही बंद राहणारं नव्हतं. खुर्चीत आ करून पडलेल्या प्रत्येक पेशंटला त्यांनी ही गोष्ट सांगितली. त्यातल्या कित्येकांच्या घरी काकांची जुनी पत्रं होतीच. ती त्यांनी कपाटातून काढली आणि थेट ऑफिस गाठलं.

"हे तुम्हीच मला पाठवलं होतं ना?" एक बाई म्हणाल्या. "यात काय म्हटलंय ते आता साध्या इंग्रजीत लिहून द्या."

काका प्रामाणिक माणूस. त्यांनी स्वतःचं जुनं पत्र डोळ्यांसमोर धरलं, कपाळाला आठ्या घातल्या, मॅडमचे नियम आठवले आणि लिहून दिलं. 'आमचा माणूस आलाच नाही. तरी तो आला असं आम्ही कळवलं.' बाईंनी ते वाचलं, छातीशी धरलं आणि मागच्या माणसाला जागा दिली. मागे जिन्यापर्यंत रांग लागली होती.

अशा वेळी मालक बाहेरून आले. रांग बघून त्यांचं ऊर भरून आलं. मुलगी आली आणि धंदा वाढला, असा त्यांनी समज करून घेतला. सगळ्यांना चहा सांगितला. रांगेतल्या एकेकाच्या पाठीवर हात ठेवून "असंच प्रेम राहू द्या" असं म्हणत ते पुढे सरकत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या हातात काकांचा ताजा कागद ठेवला.

मालकांची इंग्रजीशी ओळख सहीपुरतीच होती. इतकी वर्षं काकांची पत्रं त्यांनी न वाचताच पाठवली होती, कारण वाचून काही उपयोग नसायचा. पण हे इंग्रजी इतकं सोपं होतं की मालकांनासुद्धा पहिल्या झटक्यात कळलं. त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"व्हेअरॅज!" मालक गरजले. "आत या!"

केबिनमध्ये धाकट्या मॅडमही होत्या. त्यांनी कागद घेऊन शांतपणे वाचला. त्या थोड्या पांढऱ्या पडल्या, पण डगमगल्या नाहीत.

"बाबा, एकही चूक नाही यात."

"तेच म्हणतोय मी! एकही चूक नाही! एकेक शब्द खरा आहे! आता प्रत्येकाची लिफ्ट फुकट दुरुस्त करून द्यायची का?"

"द्यावी लागेल. आपण लेखी कबूल केलंय."

"आपण नाही, यांनी!" मालकांनी काकांकडे बोट दाखवलं. "यांना आजच्या आज घरी पाठव. दे लिहून यांना पत्र."

"कारण काय लिहू?"

मालकांनी हात झटकले. "ते तू बघ."

"कोणी काय केलं ते मी आधी लिहिणार. 'यांनी ग्राहकांना खरं सांगितलं, म्हणून आम्ही यांना काढतो.' चालेल?"

"वेडी झालीस? हे कोर्टात गेलं तर माझीच अब्रू जाईल!"

"मग मी नाही लिहिणार," असं म्हणून मॅडम तणतणत रांगेतल्या लोकांची समजूत घालायला निघून गेल्या.

केबिनमध्ये मालक आणि काका दोघेच उरले. मग मालकांचा आवाज अचानक मऊ झाला.

"काका, शेवटचं एक पत्र लिहा. तुमच्या जुन्या पद्धतीने. एकदम दणदणीत."

"कोणाला, साहेब?"

"तुम्हालाच. काढून टाकल्याचं. फक्त कारण काय ते कोणाला कळता कामा नये."

काका आपल्या खुर्चीवर येऊन बसले. गादीवरून त्यांनी एकदा हात फिरवला. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाट लावली, तेव्हा शब्द आपोआप सुचायचे. आता स्वतःवर वेळ आली तर पेन उचलवेना. मग त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'व्हेअरॅज'.

आणि जुनं सगळं परत आलं! 'तथापि' आले, 'वर नमूद केल्याप्रमाणे' आले, कोणाला काही न सांगता काळ बदलले. 'आम्ही'चे 'ते' झाले आणि 'ते'चे कोण झाले ते देव जाणे. दोन पानांत मिळून एकच पूर्णविराम होता, तोही पेन टेकलं म्हणून पडला असावा. संध्याकाळी त्यांनी ते पत्र घरी नेऊन काकूंना वाचून दाखवलं. कशाचं आहे ते मात्र सांगितलं नाही.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. "काही म्हणजे काही कळलं नाही हो," त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी खुशीत हसल्या.

"मग जमलंय," काका म्हणाले.

मालकांनी सकाळी पत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं, वजनदार आहे म्हणून मान डोलावली आणि झोकात सही ठोकली. शिक्काही मारला. त्यानंतर ते निवांत मनाने बाहेरगावी गेले. परत आले तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीवर, गादीच्या बरोबर मधोमध, काका बसले होते.

"तुम्ही अजून इथेच?"

"पत्राप्रमाणे, साहेब," काका उभे राहून अदबीने म्हणाले.

मालकांनी आपली प्रत काढली. एकदा वाचली, दोनदा वाचली. आपणच सही केलेलं पत्र आपल्याला कळत नाही, हे कारकुनासमोर कबूल कसं करायचं? ते 'हं, हं' करत मुलीच्या टेबलाशी गेले. मॅडम पेन्सिल घेऊन बसल्या. एकेका क्रियापदाला त्याचा कर्ता शोधून देता देता त्यांचा अर्धा दिवस गेला. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली आणि त्यांना हसू आवरेना.

"सोपं करून सांगू, बाबा? काकांना का काढलं, ते कारण मालक जोवर स्वतःच्या हाताने, स्पष्ट इंग्रजीत लिहून देत नाहीत, तोवर काका याच खुर्चीवर, याच पगारावर राहतील. खाली तुमची सही आहे."

"शिक्काही आहे," मालक क्षीण आवाजात म्हणाले.

पुढच्या गुरुवारी जेवणाच्या खोलीत मालक नवी वही घेऊन पहिल्या बाकावर बसले. मालक हट्टी माणूस. कितीही गुरुवार लागले तरी चालतील, पण ते एक वाक्य लिहूनच दाखवणार होते. शेजारीच काका बसायचे. मालक कुठे अडले तर काका हळूच शब्द सुचवायचे. तोपर्यंत फुकट दुरुस्त्या सुरू झाल्या होत्या, मेकॅनिक पार्ट सुलटे बसवायला लागले होते आणि डॉक्टरांच्या कृपेने नवी कामंही येत होती. पण मालकांचं एकच ध्येय होतं.

अखेर एके दिवशी त्यांचं वाक्य झालं. त्यांनी वही मुलीपुढे धरली. मॅडमनी मोठ्याने वाचलं, "मी माझ्या कारकुनाला काढत आहे, कारण त्याने माझ्या ग्राहकांना खरं सांगितलं."

काकांनी खाली मान घातली.

"उत्कृष्ट!" मॅडम म्हणाल्या. "कर्ता स्पष्ट, काळ बरोबर, एकही शब्द जास्त नाही. सही करा, बाबा."

मालकांनी पेन उघडलं. वाक्य एकदा मनात वाचलं. मग ओठ हलवत वाचलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं आणि काकांकडे झुकून हळूच विचारलं, "काका, यात कुठे एखादं व्हेअरॅज बसेल का हो?"

"माफ करा, साहेब," काका म्हणाले. "आपण आता तसं लिहीत नाही."