मुदत सरलेल्या संकटज्योतींची हकीकत

श्री. ज्याचे पोटात आमचे अन्न आणि ज्याचे कवेत आमची लेकरे, त्या दर्याराजास दंडवत घालून लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणमास. एका राज्यात मच्छीमारांचे एक बंदर होते आणि तेथील कोठीचा कारभार धाकोजी तांडेल यांजकडे होता. कोठीत पत्र्याची पेटी आणि पेटीत संकटज्योती तीस. नाव बुडू लागली म्हणजे ज्योत पेटवावी, लाल उजेड व्हावा, आणि किनाऱ्यावर ज्याने पाहिला त्याने हातातला घास टाकून होडी लोटावी, ऐसा दर्याचा कायदा. परंतु या तीसांची मुदत वैशाखीच सरली. नव्या ज्योती नावांवर वाटल्या, जुन्या पेटीत राहिल्या, आणि तेव्हापासून धाकोजींचे चित्त ठिकाणावर नव्हते. जुनी बारूद हातातच फुटेल की कोणाचे छपरावर पडेल, भरवसा नाही. जेवता जेवता उठत, कोठीचे कुलूप ओढून पाहत आणि परत येत. बायको जानकूबाई म्हणाल्या, "त्या पेटीशी लगीन लावलंव काय? जेवाला तरी बसा."

मग धाकोजी कचरेखात्याचे अमलदारांकडे गेले. अमलदार बोलिले, "ओला कचरा की सुका, ते आधी ठरवून या." मग कोतवालीत गेले, तो कोतवालसाहेब पेटीचे नाव ऐकताच खुर्ची मागे सरकवते जाहले. मग एका शहाण्याने मसलत दिली की दर्यात सोडावी, कटकट मिटेल. त्यास धाकोजींनी असे झाडले की तो चहा टाकून पळाला. अखेर बारूदखान्यास लिहिले, तो तेथील दारोग्यांचे पत्र आले की, नारळी पौर्णिमेनंतर तिसरे दिवशी, उन्हाआधी, कोरड्या पेटीत, जमिनीचे वाटेने घेऊन येणे. नाश आम्ही करू.

परंतु बंदराचे सरखेल मानाजीराव यांस मिरवणुकीची हौस दांडगी. राव बोलिले, "धाकोबा, फुकट घालवन्यापरीस पुनवेला पेटवू. शोभा येल."

"शोभेचा माल नाय तो, धनी. लाल उजेर दिसला की लोकं धावतान."

राव हसले आणि कोठीची दुसरी किल्ली काढिली. पौर्णिमेस दिवस मावळता तीन ज्योती पेटविल्या. एक रावांचे हातातच फुसकली आणि रेशमी सदऱ्यास भोक पडले. दोन आकाशी चढल्या. तो खाडीपलीकडील गावाहून बारा होड्या वल्ही मारीत आल्या, पाहतात तर बेंजो वाजतो आहे. त्यांचा म्हातारा नाखवा वाळूत थुंकला आणि म्हणाला, "आता तुमचे उजेराला कोन येतंय ते बगा." धाकोजींस मेल्याहून मेल्यासारखे जाहले.

दुसरे दिवशी बंदरच्या साऱ्या नावा मासळीस गेल्या आणि धाकोजींचा एकुलता हाशा तीन गड्यांनिशी गेला. तिसरे दिवशी पहाटे धाकोजींनी उरलेल्या सत्तावीस ज्योती टेम्पोत घालून बारूदखान्यात पोचविल्या आणि पावती घेतली. दोन प्रहरी वारा फिरला, दर्या खवळला, आणि सायंकाळी खाडीचे टोकाबाहेर, दर्यात, लाल उजेड जाहला. मानाजीरावांसह सारे दचकले, परंतु खाडी ओलांडावयाचे तरीखेरीज बंदरात एक होडी नाही. पलीकडचे किनाऱ्यावर होड्या होत्या आणि माणसे कमरेवर हात ठेवून उभी होती. दुसरा उजेड जाहला, तरी कोणी हलेना. तेव्हा धाकोजी तरीत बसून खाडीपार गेले आणि पावती नाखव्यापुढे धरून ओरडले, "आमचेकरं जुनी एक पन नाय! सगली सकाली जमा केली! पेटलंय तं खरां हाय, नाखवा! माजा हाशा भाईर हाय!"

नाखव्यास वाचता येत नव्हते. त्याने धाकोजींचे तोंड पाहिले आणि होडीस खांदा लावला. मग बारा होड्या गेल्या, आणि हाशा व त्याचे तीन गडी उलट्या नावेस धरलेले सापडले. त्यांस उतरवून घेण्यास मानाजीराव छातीभर पाण्यात गेले. हाशा बापास म्हणाला, "बाबा, पैली पेटवली, कोनी नाय आला. दुसरी पेटवली, कोनी नाय आला. आमाला वाटलं, तुमाला दिसतच नाय." धाकोजी लेकाचे डोके छातीशी धरून रडले.

सारांश, तीस ज्योतींपैकी सत्तावीस बारूदखान्यात गेल्या आणि तीन मिरवणुकीत. त्या तिहींपायी चार माणसे जावयाची होती. इतके वर्तमान घडले तसे लिहिले.