हसनचाचांचा चिखल

हसनचाचांची जीप येतेय हे आमच्या गावात हॉर्नवरून कळत नाही, मांजरांवरून कळतं. वळणावर आधी दोन बोके दिसतात, मग जीप, आणि तिच्या मागे शेपट्या वर करून उरलेली बिरादरी. कारण चाचा जीपला खालून मुशी माशाच्या काळजाचं तेल चोपडतात. चाळीस वर्षं ते पूर्णगडला मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. होडीला मुशीचं तेल लावलं की पाणी धरत नाही, मग जीपला लावलं तर चिखल कसा धरेल, असा त्यांचा सरळ न्याय.

चिखल धरायचा तो धरतोच, वर त्याला वास येतो. हे मी एकदा तोंडावर बोललो. मी त्यांचा शेजारी, शिवाय ग्रामपंचायतीचा मेंबर, त्यामुळे स्पष्ट बोलायचा मला हक्क आहे असं मला वाटतं. चाचांना वाटत नाही.

"मेंबर, तू रस्त्याचं बघ. गाडीचं मी बघतंय."

जीप जुनी आहे, पण चारी चाकांना जोर असलेली. ओढ्यातून, शेताच्या बांधावरून, कुठूनही जाते. म्हणजे जाऊ शकते. चाचा नेत नाहीत. तिच्यात बसायचं तर आधी "पाय दाखव" अशी आज्ञा होते. तळवा वर करून दाखवायचा, चाचा चष्मा कपाळावरून खाली घेऊन बघणार, मग परवानगी. लांज्याला एका लग्नाला जाताना आमच्या सरपंचांनी नवेकोरे बूट मांडीवर घेऊन प्रवास केला आहे. मला हसता येईना, कारण माझ्या मांडीवर माझ्या चपला होत्या.

त्याच वाटेवर एके ठिकाणी चिखल लागला. चाचांनी सरपंचांसकट आम्हा तिघांना खाली उतरवलं. गाडी हलकी झाली की चिखल कमी उडतो म्हणे. वर ढकलायलाही लावलं. जीप पलीकडे गेली ती जवळजवळ स्वच्छ, आणि आम्ही नखशिखांत तांबडे. चाचांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तौबा! असे बसणार होय गाडीत? चालत या."

आम्ही चालत गेलो. पंगत उठली होती.

"चिखल झोपत नाय, मेंबर," हे त्यांचं आवडतं वाक्य. "आपण झोपतो. तो बसून पत्रा खातो." यात खोटं काही नाही. आमच्या तांबड्या मातीचा चिखल चाकाच्या वरच्या खोबणीत सुकला की जांभ्या दगडासारखा होतो, आणि चेसिसच्या भोकात शिरला की आतून गंज धरतो. म्हणून चाचा रोज सकाळी नारळाचं सोडण घेऊन जीपखाली आडवे होतात. दिसत नाही तिथे आरसा धरतात. जुन्या टायरचे पट्टे कापून चाकांमागे इतके लांब लावलेत की जीप उभी राहिली की परकर नेसल्यासारखी दिसते.

आता गंमत अशी की हे सगळं धुणं ते घरापुढच्या खळ्यातच करायचे. पिंपंच्या पिंपं पाणी. त्यामुळे भर मे महिन्यात, सगळा गाव धुळीने खोकत असताना, चाचांच्या खळ्यात घोटाभर चिखल. मी म्हटलं, "चाचा, चिखल धुवायला चिखल कशाला करता? वर कातळावर न्या की गाडी." तर म्हणाले, "तुझ्या कातळावर तूच धू." आता अशा माणसाला काय सांगायचं?

चाचांच्या घरात आणखी एक माणूस आहे, जैबूनचाची. बाई मोठी मानी. दोन्ही किडन्या गेल्यात, मंगळवारी आणि शुक्रवारी रत्नागिरीला डायलिसिस. सुरुवातीला रिक्षा डांबरी रस्त्यावर थांबायची, आणि तिथवर चाचीला चालवेना. वाडीतले चौघेजण खुर्ची घेऊन आले, तर चाची कडाडली, "मी काय मय्यत हाय, चौघांनी उचलून न्यायला?" आणि घरातच बसली. एक वारी चुकली, दुसरी चुकली, आणि श्वास कोंडला तेव्हा कशीबशी पोचवली. डॉक्टरांनी चाचांना बाहेर घेऊन सांगितलं, पुन्हा अशी चुकवलीत तर माझ्याकडे आणूच नका. त्याच महिन्यात चाचांनी होडी विकली आणि थेट दारात येईल अशी ही जीप घेतली.

तरीही खळ्यातल्या माडांमुळे जीप पायरीला लागायची नाही, वीसेक पावलं उरायचीच. चाची खालच्या पायरीवर आली की चाचा ओरडायचे, "थांब! चिखलाचे पाय घेऊन गाडीत चढशील तर बघ!" आणि सरळ तिला उचलून सीटवर नेऊन ठेवायचे. परत आल्यावरही तेच, सीटवरून उचलून थेट पायरीवर. चाची वरून बोलायची, "गाडीची फिकीर हाय मेल्याला, बायकोची नाय." आम्ही कुंपणापलीकडून हसायचो. चाचांना बायकोपेक्षा जीप प्यारी, हे गावात ठरूनच गेलं होतं. मी तर हा किस्सा पार रत्नागिरीपर्यंत पोचवलाय, पदरचं तिखटमीठ लावून.

यंदा आमच्या वाडीचा रस्ता काँक्रीटचा झाला. माझ्या प्रयत्नाने झाला, हे सांगितलंच पाहिजे, दुसरं कोणी सांगत नाही. चाचा-चाची आठवडाभर रत्नागिरीला लेकीकडे राहायला गेली होती. रस्ता संपला, थोडा माल उरला, ठेकेदाराने विचारलं कुठे टाकू. मी म्हटलं, चाचांच्या खळ्यात टाक! म्हातारा खूश होईल, जन्माचा चिखल गेला. मी स्वतः उभं राहून उतार काढून घेतला.

सोमवारी दोघं आली. जीप रस्त्यावर थांबवून चाचा खळ्याकडे बघत राहिले.

"मेंबर, माझा चिखल कुठाय?"

मला वाटलं, थट्टा. मी हसलो. चाचा हसले नाहीत. तसेच आत गेले. मीही चिडून घरी आलो. करायला जावं भलं तर हे असं!

मंगळवारी सकाळी बघतो तर चाचा खळ्यात पाणी ओततायत. एक पिंप, दोन पिंपं. पाणी माझ्या उतारावरून छान वाहत गटारात जात होतं. मग चाची बाहेर आली. खळं बघून म्हणाली, "बरं झालं. आता मी जाईन चालत."

चाचांनी तोंड उघडलं, पण ओरडायला काही नव्हतंच. चाची उतरली. दोन पावलं, तीन, चार. पाय सुजलेले, दम लागलेला. माडाला धरून उभी राहिली. चाचा पुढे झाले.

"हात नको लावू. मी काय मय्यत हाय?"

चाचा जागच्या जागी थांबले. मे महिन्यातला तो चिखल कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. आणि तो मी बुजवला होता, उतार काढून!

"आज राहू दे," चाची म्हणाली. "शुक्रवारी बघू."

"जैबू, अगो..." इतक्या वर्षांत मी त्यांना असं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. हातातली बादली तिरकी होऊन नुसतीच सांडत होती.

चाचीने त्यांच्याकडे बघितलं. मग लुगडं जरा वर धरून माडाच्या आळ्यात, जिथे काँक्रीट पडलं नव्हतं आणि पाणी साचून मऊ चिखल झाला होता तिथे, शांतपणे दोन्ही पाय घोट्यापर्यंत रोवले.

"पाय भरले की रे," ती म्हणाली. "आता गाडीत कशी चढू?"

"खबरदार!" चाचा असे गरजले की माडावरचे कावळे उडाले. "खबरदार गाडीला पाय लावलास तर!"

आणि उचलली तिला. पांढरा सदरा छातीपासून कमरेपर्यंत तांबडा झाला, तसेच सुकाणूवर बसले. सीट भरली, दार भरलं, त्यांना पत्ताच नव्हता. चाची मात्र काचेतून माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ मेंबर, फिकीर फक्त गाडीची."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. जीप वळणाआड गेल्यावर मी घरातून पहार आणली आणि पायरीपुढचं काँक्रीट फोडायला घेतलं. दुपारपर्यंत ती दोघं परत यायची होती, त्याआधी माती मोकळी करून भिजवायला हवी होती.