घोडा मंजूर करणारी व्यक्ती

सायकालने आजोबांचं घोड्यावरचं कच्चं चित्र कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं आणि चहा ओतायला उठली. परत येते तो एकेचाळीस निरोप.

"हा शर्यतीचा घोडा आहे! बाबांना पाडेल!" नारीन गावचे तुर्दुकुल मामा.

"घोड्याचं राहू दे. ऐंशीच्या माणसाला टोपीची कड काळी? पांढरी कर." तलास गावची बुरमा मावशी.

"राहू दे काय? घोड्यावरून माणूस ओळखतात!"

रविवारी राजधानीत, बिश्केकमध्ये आजोबांचा ऐंशीचा सोहळा. त्यांच्या मागच्या भिंतीवर सहा मीटरचं चित्र. छापखानेवाल्या मक्सातने मुदत दिलेली: शुक्रवार, दुपारी चार.

सायकाल घरी बसून पुस्तकांची चित्रं काढायची. नुकताच तिने 'चित्रकारांनो, धंदा शिका' असा ऑनलाइन वर्ग केला होता. नातेवाईक असो की मंत्री, लेखी करार करा, असं तिथल्या बाईंनी बजावलेलं. वर्गातला करार तिने तसाच ग्रुपवर धाडला.

कलम तीन. चित्राबाबत गिऱ्हाइकाकडून एकच व्यक्ती बोलेल आणि तीच मंजुरी देईल.

मामांचा फोन आला. "करार? अगं, तुला पहिल्यांदा घोड्यावर मी बसवलं!"

"म्हणून तर घोडा काढता येतो, मामा. नाव कळवा."

ग्रुप गप्प झाला. सायकालने हा ग्रुप गप्प झालेला जन्मात पाहिला नव्हता.

मग स्फोट. मामा म्हणाले, थोरला मुलगा मी. मावशी म्हणाली, बाबांची औषधं कोण आणतं? गुरुवार येईतो दोघांचं बोलणं बंद झालं. मामांनी जाहीर केलं, मी येणार नाही, माझ्या मेंढ्याही येणार नाहीत.

जेवायला दोनशे पाहुणे. मेंढ्या नाहीत!

"आजोबांनाच ठरवू द्या ना," सायकाल रडकुंडीला आली.

"वेडी का काय? त्यांना अजून चित्राचं काही सांगितलेलं नाही," मावशी म्हणाली.

शुक्रवारी दुपारी एक वाजता दोघांचा मिळून फोन आला. सायकालच्या हातातला पाव खाली पडला.

"ठरलं," मामा म्हणाले. "तू."

"मी? अहो, मी चित्रकार आहे!"

"आम्ही दोघंही तुझ्यावर चिडलोय," मावशी म्हणाली. "म्हणजे तू कुणाच्याच बाजूची नाहीस. कर सही."

सुटले! सायकालने सही केली आणि मंजुरी द्यायला चित्र उघडलं. गिऱ्हाईक म्हणून, पहिल्यांदाच.

अरे देवा. हा घोडा जिना चढतोय की काय?

पाय बदलले. आता मान जिराफाची दिसायला लागली. मान बदलली. आता आजोबाच घोड्याला घाबरलेले वाटत होते. निदान हे तरी बदलायलाच हवं. गिऱ्हाइकाला किती दुरुस्त्या मागता येतात ते बघायला तिने करार पुढे वाचला.

कलम सात. दुरुस्त्या दोनच. तिसरी कोणत्याही कारणाने होणार नाही.

"हे कुणी लिहिलंय?" ती एकटीच ओरडली.

चारला पाच कमी. मक्सातचा फोन. "ताई, यंत्र थांबवून बसलोय. काय अडलंय?"

"चित्रकार तिसरी दुरुस्ती करायला तयार नाही."

"मग गिऱ्हाइकाला समजवा ना."

"तिला काय समजवणार?" सायकाल हताशपणे म्हणाली. "दोन वाजल्यापासून आमचं बोलणं बंद आहे."