मागे होडी जोडलेली असताना

नापासकाकांनी शिडाची होडी घेतली ही बातमी गल्लीत पोचायच्या आधी होडीच पोचली. काकांच्या छोट्या गाडीमागे, दोन चाकांच्या ट्रेलरवर बसून ती संथपणे आत शिरली आणि अगदी शेवटी काकांच्या दारापुढे थांबली. पुढे भिंत होती. गल्ली तिथेच संपत होती. काकांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, आरशात एकदा बघितलं आणि मगच उतरले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना हेच करायला लावलं होतं.

काका निवृत्त होईपर्यंत वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक होते. नापास करताना त्यांनी कधी आवाज चढवला नाही, की कुणाचा अपमान केला नाही. गाडीतून उतरत, दार हळू लावत आणि म्हणत, "धन्यवाद. पुढच्या महिन्यात या." या दोन वाक्यांनी गावातली भली भली माणसं पायी घरी गेली होती. कोपऱ्यावरचे औषधवाले पुन्हा पुन्हा जाऊन कसेबसे पास झाले. समोरच्या गाण्याच्या बाईंनी तर शेवटी गाडीच विकून टाकली. बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडायचं, गाडी मागे घेताना. काकांचं म्हणणं असं की पुढे कुणीही जातो. देवाने डोळे पुढे दिलेत, त्यात माणसाची कर्तबगारी ती काय? मागे यायचं तर मान वळवावी लागते, आणि मान वळवणं सगळ्यांना जमत नाही.

त्यांनी नापास केलेल्यांत काकूही होत्या. लग्नाच्या आधीची गोष्ट. त्यांची चूक अशी होती की गाडी मागे घेताना त्या स्टिअरिंग नेमकं उलटं फिरवायच्या. गाडीची शेपूट डावीकडे न्यायची असली की हात उजवीकडे जायचे, आणि उजवीकडे न्यायची असली की डावीकडे. मुलीचे वडील जाब विचारायला आले. काकांनी त्यांना अंगणात नेलं, खडूने फरशीवर गाडी काढली आणि मुलीचा हात कुठे चुकतो ते इतक्या शांतपणे समजावलं, की वडील घरी जाऊन म्हणाले, माणूस सरळ आहे, विचारून बघायला हरकत नाही. लग्न झालं. काकू पुन्हा परीक्षेला गेल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "घरातच परीक्षक आणून ठेवलाय, आता कचेरीत कशाला जाऊ?"

आता अशा माणसाला होडी का सुचली, हे सांगायला हवं.

खाडीच्या पलीकडच्या काठावर काकूंची थोरली बहीण राहत होती. काकूंच्या गच्चीवरून ताईचं घर दिसायचं, पण दिसण्यात आणि भेटण्यात खाडी होती. पूर्वी लाँच चालायची. खाडी गाळाने उथळ झाली तशी ती बंद पडली. रस्ता डोंगराला वळसा घालून जायचा, आणि त्या वळणांवर काकूंना गाडी अशी लागायची की पोचल्यावर बहिणीला भेटायच्या ऐवजी अंथरुणच गाठावं लागे. ताईचे गुडघे गेले होते. फोन होता, पण ताईला ऐकू येईनासं झालं होतं. दोघी आपापलं बोलायच्या आणि 'बरं, ठेवते' म्हणून ठेवायच्या. त्यामुळे गेलं वर्षभर बहिणींचं बोलणं चादरीवर आलं होतं. ताई सकाळी कठड्यावर पांढरी चादर टाकायची, म्हणजे मी बरी आहे. काकू इकडून तशीच टाकायच्या. मध्ये एकदा सलग काही दिवस पलीकडे चादर दिसली नाही. काकू गच्चीवरून खाली आल्या आणि देवापुढे बसून राहिल्या. नंतर कळलं, नुसता ताप होता. पण काकांनी त्या दिवसांत बायकोचा चेहरा पाहिला होता. ते होडी शोधायला लागले.

होडी मिळाली ती एका दातांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर तिचं कौतुक सांगताना हळवे झाले. तळ सपाट. पोटातून खाली सोडायची एक फळी, दोरी ओढली की वर येते, मग गुडघाभर पाणीसुद्धा पुरतं. ओहोटीत गाळावर टेकली तरी कलंडत नाही, पाटासारखी बसते. डोलकाठी दोघं मिळून उभी करता येते. आणि मुख्य म्हणजे ट्रेलरवर चढवून घरी नेता येते. काकांनी विचारलं, एवढी गुणाची आहे तर विकता का? डॉक्टर जरा घुटमळले. म्हणाले, पाण्यात काही त्रास नाही हो, पाण्यापर्यंत न्यायचीच काय ती पंचाईत. पुढे ते काहीतरी सांगणार होते, पण काका तोवर वाकून ट्रेलरचे मागचे दिवे तपासत होते.

रविवारी मोठी भरती होती. काकूंनी ओळखीच्या बसवाल्याबरोबर ताईला निरोप पाठवला: रविवारी येतोय, चादर टाकून ठेव. डबा भरला, ताईसाठी विणलेली शाल घेतली, देवाला नमस्कार केला आणि गच्चीवर जाऊन बघून आल्या. पलीकडे कठड्यावर चादर होती, आणि चादरीशेजारी खुर्ची टाकून कुणीतरी बसलं होतं.

काका गाडीत बसले. आता गल्लीतून बाहेर पडायचं तर मागे यायचं होतं.

सराव त्यांनी केला नव्हता. सराव उमेदवारांनी करायचा असतो. त्यांनी मान वळवली, गाडी मागे घेतली, आणि होडीची शेपूट जरा डावीकडे न्यावी म्हणून नियमाप्रमाणे स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. होडी उजवीकडे गेली. काकांना वाटलं चाकाखाली दगड आला असेल. उतरून पाहिलं, दगड नव्हता. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे, पुन्हा डावीकडे, आणि होडी पुन्हा उजवीकडे, या खेपेला औषधवाल्यांच्या मेंदीच्या कुंपणात.

अहंकार गाडीपेक्षा लांब असतो, आणि मागे घेताना पहिल्यांदा तोच अडकतो. गल्लीतली माणसं बाहेर आली. कुणी हसलं नाही, हे विशेष. ज्यांनी ज्यांनी त्या आसनावर घाम गाळला होता, ती सगळी हात जोडल्यासारखी उभी राहून बघत होती. औषधवाले कुंपणापाशी आले आणि अदबीने म्हणाले, "काका, घाई करू नका. आरशात बघा."

काकांनी आरशात बघितलं. आरशात होडी होती आणि होडीच्या वर गाण्याच्या बाईंची खिडकी. बाई तान थांबवून बघत होत्या.

औषधवाल्यांनी सुचवलं की ट्रेलर सोडवू, चौघं मिळून हाताने वळवू, दोन मिनिटांचं काम. काका म्हणाले, हाताने ढकलली त्याला मागे घेतली म्हणत नाहीत. आणखी एकदा प्रयत्न झाला. त्यात गाडी आणि ट्रेलर काटकोनात दुमडले आणि होडी गल्लीत आडवी झाली. औषधवाल्यांच्या दुकानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. गाण्याला आलेल्या मुली होडीखालून वाकून पलीकडे गेल्या. आता काकाही नरमले, सोडवा म्हणाले. पण जोडावर असा ताण आला होता की कडी उघडेना. गाडी सरळ झाल्याखेरीज ट्रेलर सुटणार नव्हता, आणि ट्रेलर सुटल्याखेरीज गाडी सरळ व्हायची चिन्हं नव्हती.

काकू गच्चीवर जाऊन आल्या. भरती चढली होती. खुर्ची अजून तिथेच होती. त्या गाडीच्या काचेपाशी आल्या. काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, उमेदवार बसतात तसे बसले होते. त्यांनी वर न बघता म्हटलं, "ताईचं चहा-पाणी तरी झालं असेल ना गं तिकडे?"

"मी बघू का जरा?" काकू म्हणाल्या.

"तुझ्याकडे परवाना नाही."

औषधवाल्यांनी घसा साफ केला. गल्लीच्या तोंडाशी 'खाजगी रस्ता' अशी पाटी होती, आणि ती पोरांच्या स्कूटर थांबवायला खुद्द काकांनीच लावली होती, याची त्यांनी नम्रपणे आठवण करून दिली. काकांनी विचार केला. पाटीवरचं अक्षर त्यांचंच होतं. ते उतरले, गाडीला वळसा घालून शेजारच्या जागेवर बसले आणि सवयीने पट्टा लावून हात गुडघ्यांवर ठेवले.

काकूंनी भिंतीपर्यंत होती तेवढी जागा घेऊन गाडी पुढे नेली, ट्रेलर सरळ झाला. मग मान वळवली.

"उजवीकडे कशाला फिरवतेस? शेपूट डावीकडे जायला हवी," काका म्हणाले.

"तिकडेच न्यायचीय."

"मग हात उलटा चाललाय तुझा."

"माझा उलटाच चालतो. तुम्हीच बाबांना खडूने काढून दाखवलंत."

आणि होडीची शेपूट, मोठ्या आज्ञाधारकपणे, डावीकडे गेली. मागे जोडलेल्या गोष्टीला उलटं सांगितलं की ती सुलट ऐकते, एवढंच त्यातलं मर्म. सगळ्या गावाने मोठ्या कष्टाने सुलट हात शिकून घेतला होता, आणि एकट्या काकूंचा हात देवाने घडवला तसाच राहिला होता. मेंदीच्या पानालाही धक्का न लावता त्यांनी होडी गल्लीबाहेर काढली. टेम्पोवाल्याने मागे सरून वाट दिली. गाण्याच्या बाईंनी खिडकीतून दोन्ही हात जोडले. कुणाला ते सांगता येत नाही, काकूंना किंवा देवाला.

रस्त्यावर काकांनी चालवली, पण खाडीवर पुन्हा तोच प्रश्न होता, कारण होडी पाण्यात सोडायची तर ट्रेलर उतारावरून मागे न्यावा लागतो. तिथे 'रस्ता संपला' अशी पाटी होती. काकांनी ती दोनदा वाचली आणि जागा बदलली.

पलीकडे जाताना फळी मध्येच गाळाला लागली, काकूंनी दोरी ओढली, होडी गुडघाभर पाण्यावरून सरकत राहिली. काकांनी सुकाणू धरलं होतं आणि वारा होता, म्हणजे वाऱ्यानेच नेलं म्हणायचं. ताई काठी टेकत पाण्यात आली होती. बहिणी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. नाहीतरी ताईला ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात ओहोटी लागली आणि होडी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गाळावर पाटासारखी बसली, म्हणून मुक्काम करावा लागला. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

पण पाटीच्या आडोशाने कायदा पाळणं काकांना बोचत राहिलं. त्यांनी काकूंना शिकाऊ परवाना काढून दिला आणि पुढे रीतसर परीक्षेचा दिवस घेतला. त्या दिवशीही भरती होती. काकू पास होणार यात शंका नव्हती, म्हणून काका होडी जोडूनच कचेरीत गेले. परवाना घ्यायचा आणि परस्पर खाडीवर. आवारात ते सरळ आत शिरले आणि भिंतीपाशी थांबले.

परीक्षक बाई काकांच्याच हाताखाली तयार झालेल्या. परीक्षेला कचेरीची साधी गाडी होती. काका उमेदवारांच्या नातेवाइकांच्या बाकावर बसले. त्या बाकावर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. काकूंनी सगळं नीट केलं. मग गाडी मागे घेताना शेपूट डावीकडे न्यायची म्हणून स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

बाईंनी दार हळू लावलं. "धन्यवाद. पुढच्या महिन्यात या."

काका उठले. या आवारात त्यांनी सगळ्या सबबी ऐकल्या होत्या: डोळ्यांवर ऊन आलं, चप्पल नवी होती, गाडी मेहुण्याची होती. तेच काका आता बाईंपुढे उभे राहून म्हणाले, "हिच्या मागे होडी जोडून बघा एकदा."

बाई म्हणाल्या, "सर, सबब ऐकून घ्यायची नाही हे तुम्हीच शिकवलंत."

"बरोबर आहे," काका म्हणाले. बराच वेळ ते तेवढंच म्हणत राहिले.

"चला," काकूंनी त्यांचा दंड धरला. "ताई चादर टाकून बसली असेल."

गाडी भिंतीपाशी उभी होती, मागे होडी, आणि बाहेर पडायची वाट मागच्या मागेच होती. काकांनी गाडीकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. शेजारी बसले, पट्टा लावला, हात गुडघ्यांवर ठेवले. काकूंनी मान वळवली. परीक्षेच्या पांढऱ्या रेघांमधून, खांबांमधून, थांबलेल्या उमेदवारांच्या रांगेसमोरून होडी अलगद मागे गेली आणि फाटकातून बाहेर पडली. बाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

काकूंनी हँडब्रेक ओढला. काका उतरले आणि दार हळू लावलं.

"धन्यवाद," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य निघायची काकू सवयीने वाट बघत राहिल्या. ते काही आलं नाही.