ओफेलियाबाईंची डावी सही

मतदानाच्या दिवशी सकाळी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कचेरीचं पत्र आलं, तेव्हा ओफेलिया बरागानबाई राजमा निवडत बसल्या होत्या. पत्रात लिहिलं होतं की, आपण टपालाने पाठवलेलं आगाऊ मत कचेरीला मिळालं आहे, परंतु पाकिटावरची आपली सही आपल्या सहीशी जुळत नाही, सबब मत बाजूला ठेवलं आहे. बाईंनी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं. पुसलेल्या चष्म्यातूनही ते तसंच होतं.

बाईंनी मेस्कल वेल्सच्या प्राथमिक शाळेत एकोणचाळीस वर्षं काढली होती. बाकीचे विषय पोरं विसरली असतील, पण अक्षर विसरली नव्हती. गावातल्या न्हाव्याच्या पाटीपासून ते दफनभूमीतल्या दगडांपर्यंत बाईंच्याच वळणाची अक्षरं होती. अशा बाईला तिची सही जमत नाही असं कळवणं म्हणजे पाद्र्याला 'आमेन' म्हणायला शिकवण्यापैकी होतं. त्यांनी राजमा बाजूला सारला आणि फोन उचलला.

"निवडणूक कचेरी."

"मी ओफेलिया बरागान. तुमच्याकडे सह्या कोण तपासतं?"

"मीच, बाई."

"मीच म्हणजे कोण?"

"नेस्टर. नेस्टर उल्लोआ. तिसरी ब."

"नेस्टर, अक्षरात तुला मी काय दिलं होतं?"

"नापास, बाई."

"किती वेळा?"

"दोनदा. पण आता माझं सह्यांचं प्रशिक्षण झालंय. चार तासांचं."

नेस्टरने सांगितलं ते असं. कचेरी पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघते, आणि नोंदीतली सही येते गाडीच्या परवान्यावरून. बाईंनी परवाना दोन वर्षांपूर्वी नवा करून घेतला होता.

"तेव्हा माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता," बाई म्हणाल्या. "डाव्या हाताच्या बोटाने काचेवर सही करायला लावली मला. ती सही नाही रे, ती गोगलगाय आहे."

"कायद्याच्या दृष्टीनं ती गोगलगाय म्हणजेच तुम्ही, बाई."

"मग आता मी काय करायचं?"

"पाच दिवसांच्या आत इथं येऊन खुलासा करायचा."

काउंटीची कचेरी चाळीस मैलांवर. बाईंची गाडी आता चर्चच्या पुढे जात नसे. शिवाय मतदान आजच होतं आणि मतदान केंद्र दोन गल्ल्या सोडून अग्निशमन केंद्रात होतं. तिथे जाऊन सरळ मत द्यावं, हा बाईंचा विचार कोणाही शहाण्या माणसाला सुचेल असाच होता. आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

केंद्रावरच्या बाईने यंत्रात पाहिलं आणि मान हलवली. "तुमचं टपाली मत आलंय असं दिसतंय."

"आलंय, पण घेतलेलं नाही."

"नाकारलंय का?"

"नाकारलेलं नाही. ठेवलंय."

"मग तुम्हाला तात्पुरती मतपत्रिका मिळेल. पाकिटावर सही करा."

बाई रागावलेल्या होत्या. अशा वेळी त्यांचं अक्षर जास्तच देखणं येत असे. त्यांनी पाकिटावर अशी सही केली की केंद्रावरची बाई ती बघतच राहिली. संध्याकाळी नेस्टरचा फोन आला.

"बाई, तुम्ही हे काय केलंत? तात्पुरतं मत उघडायचं तर आधी टपाली मत नाकारलं गेलं पाहिजे. टपाली मत पाच दिवस नाकारता येत नाही. आणि पाच दिवसांनी तात्पुरत्याची मुदत संपते."

"म्हणजे दोन मतं देऊन माझं एकही मोजलं जाणार नाही."

"तसं नाही. पण आता तुमच्या तीन सह्या झाल्यात, आणि तिन्ही तीन तऱ्हांच्या. माझे वरिष्ठ विचारतायत, या बाई नक्की किती आहेत."

बाईंनी फोन ठेवला आणि ठरवलं की गेलं चुलीत. एका मताने काय होतं? पण तिसऱ्या दिवशी गावभर बातमी झाली, की गावच्या कौन्सिलच्या एका जागेसाठी लेओनोर बुस्तामांतेला चारशे अकरा मतं पडली आहेत, आणि डेल हकबीलाही चारशे अकराच. समसमान मतं पडली तर तिथल्या रिवाजाप्रमाणे खेळायचे पत्ते कापून, मोठं पान ज्याचं तो विजयी, असा निकाल लागणार होता. आणि मोजायचं राहिलेलं मत उभ्या गावात एकच होतं.

तासाभरात लेओनोर दारात हजर झाली. एका हातात मक्याच्या पानांत वाफवलेल्या तामालेंचं पातेलं, दुसऱ्या हातात फलक. फलकावर लिहिलं होतं, 'बरागानबाईंचं मत मोजा'. लेओनोर ही बाईंची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी बाईंनीच तिला कडेवर धरलं होतं, आणि तेव्हापासून ती त्यांना माद्रीना, म्हणजे धर्ममाता, म्हणत आली होती.

"माद्रीना, ही मतदारांची गळचेपी आहे, गळचेपी. मी कोर्टात जाईन."

"जाऊ दे गं. एका मताचं काय एवढं?"

"एकाच मताचं तर आहे सगळं. तुझं मत मोजलं की मी निवडून आले."

बाई पातेल्याकडे बघत राहिल्या. पण ते त्यांनी हातात घेतलं नाही. कारण बाईंनी मत हकबीला दिलं होतं.

हकबी त्यांना आवडत होता अशातला भाग नाही. तो कधी साधा नमस्कार करत नसे, आणि त्याचा कुत्रा बाईंच्या कुंपणाशी येऊन नको ते करून जात असे. पण गावच्या विहिरींचं पाणी दर उन्हाळ्यात खाली चाललं होतं, नळ फुटके होते, आणि नळ बदलायची हकबीची योजना चांगली होती. लेओनोरला गावचा पोहण्याचा तलाव चालू ठेवायचा होता, तोही गळका. बाईंनी दोघांचीही पत्रकं पेन्सिल घेऊन वाचली होती. मत गुप्त असतं या भरवशावर त्यांनी मन घट्ट करून मतपत्रिकेवर हकबीच्या नावापुढचा गोल भरला होता. आता बाकी सगळी मतं मोजून झाली होती आणि त्यांचं एकटीचं उरलं होतं, त्यामुळे त्यात गुप्त राहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मी कोणाला मत दिलंय ते तुला कुठं ठाऊक आहे?" बाईंनी एक प्रयत्न करून पाहिला.

लेओनोर पोट धरून हसली. "माद्रीना, तू पण ना. तामाले गरम आहेत तोवर खा."

पुढचे दोन दिवस बाईंना घरात पळता भुई थोडी झाली. लेओनोरची माणसं अंगणात फलक घेऊन बसली आणि बाईंना केक, खीर, सूप आणून देऊ लागली. समोरच्या फुटपाथवर हकबीची माणसं आली. त्यांचा फलक होता, 'खोट्या सह्या थांबवा'. ज्यांचं भलं करायला मत दिलं ते त्यांना लबाड म्हणत होते, आणि ज्यांच्या विरोधात दिलं ते त्यांना खीर भरवत होते. बाईंनी खिडकीचे पडदे ओढून घेतले. वाईट म्हणजे खीर उत्तम झाली होती.

शेवटच्या दिवशी लेओनोर आपला ट्रक घेऊन आली. "चल. पाच वाजायच्या आत सही झाली पाहिजे."

"माझं डोकं दुखतंय."

"गाडीत गोळी आहे."

कचेरीत टेबलामागे नेस्टर बसला होता. बाई आत येताच तो उठून उभा राहिला, आणि त्या बसेपर्यंत तसाच उभा राहिला. दोरीच्या पलीकडे एका बाजूला लेओनोरची माणसं होती. दुसऱ्या बाजूला हकबी आणि त्याचे वकील प्रेंटिस होते.

नेस्टरने कोरा कागद पुढे केला. "बाई, इथं सही करा. नोंदीतल्या सहीशी जुळली तर मत धरू. नाही जुळली तर..." त्याने घड्याळाकडे बघितलं. पाच वाजायला वीस मिनिटं होती.

बाईंनी पेन उजव्या हातात धरलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की सुटका अगदी समोर आहे. फक्त आपली खरी सही करायची. वळणदार, शाळेत फळ्यावर काढायच्या तशी. ती जुळणार नाही, मत बाद होईल, दोघं पत्ते कापतील, आणि कोणाला काही कळणार नाही. ईस्टरला लेओनोर नेहमीसारखी जेवायला येईल. आपल्या हाताने आपली सही करण्यात पाप ते काय? बाईंनी पेन कागदाला टेकवलं.

"नोंद करून घ्या," मागून प्रेंटिस वकील म्हणाले. "आमचा असा आक्षेप आहे, की या वयाच्या बाईने ही मतपत्रिका स्वतः भरलेली नसावी. बहुधा धर्मकन्येनं भरून घेतली असेल. या बाईंना काही कळलंही नसेल."

बाईंचा हात थांबला. त्यांनी मान वळवून वकिलांकडे पाहिलं. मागच्या बाकावरच्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. मग त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं, डोळे मिटले, आणि कागदावर एक गोगलगाय काढली. शिंगांसकट.

नेस्टरने ती नोंदीशेजारी धरली. भिंग घेतलं, चार तासांत शिकलेलं सगळं आठवून पाहिलं, आणि शिक्का मारला. "जुळते."

लेओनोरची माणसं टाळ्या वाजवू लागली. हकबी डोकं धरून खाली बसला. प्रेंटिस वकील तावातावाने उभे राहिले. "ही सही आहे की थट्टा? आम्ही कोर्टात जाणार. हे मत मोजलं तर लोकशाहीचा..."

तेवढ्यात पाकीट उघडलं गेलं. मतपत्रिका यंत्रात गेली आणि पडद्यावरचा आकडा बदलला. हकबी चारशे बारा.

टाळ्या मध्येच थांबल्या. वकिलांचं बोट अजून हवेतच होतं. त्यांनी ते खाली घेतलं, टाय सरळ केला आणि म्हणाले, "लोकशाहीचा विजय होतो. सही स्वच्छ आहे. वयोवृद्ध मतदारांच्या हक्कांवर कोणी गदा आणू पाहील तर आम्ही खपवून घेणार नाही."

दोरीच्या या बाजूने लेओनोरचा एक माणूस उठला. "थांबा. आमच्या बाई इतकं घाण अक्षर काढतीलच कशा? अख्ख्या गावाला विचारा. ही सही खोटी आहे."

"बरोबर आहे," दुसरा म्हणाला. त्याच्या मांडीवर 'बरागानबाईंचं मत मोजा' हा फलक होता. त्याने तो हळूच उलटा केला.

"पाकीट उघडलंय," नेस्टर म्हणाला. "आता परत चिकटवता येत नाही. पण नोंदीसाठी विचारायला हवं." त्याने कागद पुढे केला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला. "बाई, ही सही तुमचीच का?"

बाईंनी त्या गोगलगायीकडे पाहिलं. जन्मात कोणाचं इतकं गचाळ अक्षर त्यांनी पास केलं नव्हतं.

"माझीच," त्या म्हणाल्या.

बाहेर हकबीने आयुष्यात पहिल्यांदा टोपी काढून नमस्कार केला. "मिसेस बरागान, घरी सोडू का? गाडीत एसी आहे."

"कुत्रा आधी बांधून ठेव," बाई म्हणाल्या, आणि जाऊन लेओनोरच्या ट्रकमध्ये बसल्या. दुसरं कुठे बसायचं ते त्यांना सुचलंच नाही.

लेओनोरने गाडी सुरू केली. पहिले वीस मैल तिने रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. मग बाईंनी तो बंद केला. वाळवंट सरळ मागे पडत होतं, आणि आपण ही पोर गमावली, असं बाईंना कळत होतं.

"का?" शेवटी लेओनोरने विचारलं. नजर रस्त्यावरच होती.

"तुझं पत्रक वाचलं मी. चौदाच्या चौदा पानं."

"ते कोणीच वाचलं नव्हतं."

"हो. तूही."

आणखी मैलभर रस्ता गेला. लेओनोरने डोळे पुसले, की केस मागे घेतले, ते बाईंना नीट दिसलं नाही.

"चुका किती होत्या?"

"सतरा."

"तलावाच्या पाण्याचे आकडे पण?"

"ते तर आधी."

लेओनोरने एक मोठा सुस्कारा सोडला. पुन्हा निवडणूक दोन वर्षांनी होती. गावाच्या वळणावर तिने गाडीचा वेग कमी केला.

"ते पत्रक आहे का अजून तुझ्याकडे?"

"आहे. लाल पेन्सिलीने तपासलेलं."

"मग रविवारी येते," लेओनोर म्हणाली. "आणि पातेलं परत दे माझं."